अनवाणी पायांना नवस नव्हता

लोकांना वाटायचं माझा काहीतरी नवस आहे. चाळीस वर्षं बाईच्या पायात चपल नाय म्हटल्यावर लोक दुसरं काय समजणार? लालबागच्या नाक्यावर एक फुलवाला बसतो. तो एकदा बोलला, "मावशी, एवढा मोठा कसला नवस? अजून फिटला नाय?" मी बोलली, "फिटायला आधी बोलावा लागतो बाबा. मी काय बोललीच नाय." त्याला वाटलं मी लपवते. शेजारणीसाठी फुलं घ्यायला गेली की तो एक जास्वंद जास्तीचं टाकायचा. तुमच्या नवसाला, बोलायचा.

आम्ही बौद्ध. आमच्यात नवस नाय. पण ते फुलवाल्याला कुठे सांगत बसू?

हट्ट पण नव्हता. खरं कारण एवढंसं आहे. गिरण्यांचा मोठा संप चालू होता तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मोच्याकडे नेली तर तो बोलला, शिवून फायदा नाय, चामडंच कुजलंय. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते. ते बोलले, थांब, गिरणीचा भोंगा वाजला की नवीन घेऊ. मी थांबली. भोंगा काय वाजला नाय. मालक आधी नाक्यावर जाऊन बसायचे, मग गॅलरीत बसायला लागले, मग खाटेवर. बसून बसूनच गेले. चपल राहिली ती राहिली.

पुढे मी परळला, लालबागला घरकामं धरली. भांडी, लादी, कपडे. प्रत्येक दाराशी चपल काढा, परत घाला, पाच घरं असली तर दहा वेळा तेच. त्यापेक्षा नळाखाली पाय धुतले की झालं. मग सवय झाली. पाय पसरले, बोटं एकमेकांपासून लांब गेली. मधे एकदा दुकानात जाऊन चपला पायाला लावून बघितल्या, एक पण बसेना. माझा पोरगा हसून बोलला, "आई, तुला पुरुषांची घ्यावी लागणार." नको बोलली मी.

अनवाणी माणसाबद्दल जो तो आपल्या मनाचं धरून चालतो. एका बाईने सिग्नलला गाडीची काच खाली करून मला तिच्या जुन्या सँडल दिल्या, चांगल्या होत्या, टाचेच्या. मी भीक मागत नव्हती, रस्ता ओलांडायला उभी होती. एका टॉवरमधल्या मॅडम बोलायच्या, तुम्ही रस्त्यावरची घाण घरात आणता. मी दारातच पाय घासून धुवायची, त्यांची पोरं बूट घालून बेडवर उड्या मारायची. एकदा नव्या मॉलमधे नात घेऊन गेली तर दारावरच्या वॉचमनने अडवलं. नात भांडली तेव्हा सोडलं. तो पण बिचारा आमच्या बाजूच्या घोडपदेवचा निघाला. बोलला, आजी, साहेब मला बोलतात हो. कोण बोलायचं डोक्यावर परिणाम झालाय. कोण बोलायचं पायाने जंत शिरतात, म्हातारी त्यानेच बारीक झाली. शिरत असतील जंत, पण मी बारीक झाली ती दुसऱ्या गोष्टीने, ते पुढे येतं.

उलटं बोलणारे पण होते. अनवाणी चाललं की डोळे चांगले राहतात, अंगातली उष्णता जमिनीत जाते. असं बोलण्यात माझी शेजारीण पहिली.

तिच्याबद्दल सांगायला पायजे.

ती आमच्या बाजूच्या खोलीतली, मालवणकडची. मी लग्न होऊन चाळीत आली तेव्हा ती पण नवीनच होती. दोघींचे नवरे एकाच गिरणीत. नळावर आमची गट्टी जमली. पण तिच्या घरात मी पहिली दोन वर्षं पाय टाकला नाय. तिच्या सासूला चालायचं नाय. सासू तोंडाने वाईट बोलायची नाय हां. मला चहा द्यायची. पण मी उंबऱ्याच्या बाहेर गॅलरीत बसायची, आणि मला एक कान तुटलेला कप होता. तो कप आत जायचा नाय. मी तो विसळून खिडकीच्या गजाजवळ पालथा ठेवायची. मला पण त्यात तेव्हा काय वेगळं वाटलं नाय. गावाला ह्याच्यापेक्षा जास्त बघितलेलं.

मग एका शिमग्याला सासू गावी गेली आणि हिला दिवस पुरे व्हायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नवरे दोघे पाळीवर. हिने भिंतीवर थाप मारली. मी अशीच हातातलं पीठ टाकून पळत गेली, उंबऱ्याच्या आत कधी गेली ते पण कळलं नाय. पोरगी माझ्या हातात आली. सासू परत आली, तिला चाळीतल्या बायकांनी सगळं सांगितलं. तिने त्या दिवशी आतनं हाक मारली, आत ये. तो कप पुढे दिसला नाय. मी पण विचारलं नाय. तेव्हापासनं आमच्या दोघींना एकच घर असल्यासारखं. मीठ संपलं की मी न विचारता तिच्या फळीवरनं घ्यायची. पुढे चपल गेल्यावर माझे पाय कायम उघडेच, दारात थांबायचं कामच नाय. नळावरनं आली की थेट आत.

ती दर मंगळवारी पहाटे अनवाणी प्रभादेवीच्या गणपतीला चालत जायची. तिच्या पोराला नोकरी लागावी म्हणून बोललेली, लागली तरी चालतच राहिली. मी सोबतीला जायची. देवळात जायची नाय, बाहेर रांगेच्या दांडक्याला टेकून उभी राहायची. लालबागपासनं पूल ओलांडून जायचं. मंगळवारचे अनवाणी लोक असे चालतात की बघून कळतं ह्यांना सवय नाय, टाच उचलून, तोंड वाकडं करून. ही पण तशीच. मी तिला शिकवलं. पाय आपटायचा नाय, सपाट ठेवायचा. उन्हात डांबरावरनं नाय, पांढऱ्या पट्ट्यावरनं चालायचं, तो कमी तापतो. फुटपाथच्या दगडी कडेवरनं चालायचं, काच मधे असते, कडेला नसते. ती बोलायची, "तुझ्या पायांचं पुण्य तुला नको, तर माका दी गो. उगाच फुकट घालवतेस."

माझ्या वडलांना मात्र माझे पाय बघवायचे नाय.

वडील गावी होते तेव्हा आमच्या लोकांना वरच्या आळीतनं जाताना चपल पायात ठेवता यायची नाय. काढून हातात धरायची, आळी संपली की घालायची. वडलांनी एकदा काढली नाय तर मार खाल्लेला. वडील मुंबईला आले आणि पहिली वस्तू घेतली ती कोल्हापुरी. घरात असले की खाटेखाली, उशाच्या बाजूला ठेवायचे. रोज फडक्याने पुसायचे. मी मोठी होऊन अनवाणी फिरते हे त्यांना कळलं तेव्हा ते स्वतः एक जोड घेऊन माझ्याकडे आले. चपला ठेवल्या आणि बोलले, "मी गावात चपला हातात धरून चाललो. तू मुंबईत हातातसुद्धा धरत नाय."

 मला त्यांना सांगता आलं नाय की तुमच्या पायातनं दुसऱ्यांनी काढायला लावली, माझ्या पायातली आपोआप गेली, हे दोन वेगळं आहे. आता सांगता येतं. तेव्हा ते होते, आणि मला बोलता येत नव्हतं. त्या चपला मी ट्रंकेत ठेवल्या. अजून आहेत, चामडं लाकडासारखं झालंय.

पोरगा वडलांचीच री ओढायचा. आजोबांनी ज्याच्यासाठी मार खाल्ला ते तू फेकून दिलंस. सूनबाई एवढं बोलायची नाय. तिला नुसती लाज वाटायची. तिच्या ऑफिसातल्या बायका घरी आल्या की ती आधी माझ्या पायाकडे बघायची, मग माझ्याकडे.

आता माझी चूक सांगते. ती कोणाची नाय, माझीच.

आमच्या लालबागला उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटायला डंकावर जातात. मिरच्या भाजलेल्या, कुटलेल्या, सगळ्या गल्लीत लाल धूळ. माणसं शिंकत असतात. अनवाणी माणसाचं तर विचारू नका, टाचेच्या भेगांमधे ती मिरची शिरली की घरी येईपर्यंत डोळ्यात पाणी. मी दर वर्षी घरी आली की परातीत ताक घेऊन पाय बुडवून बसायची. शेजारीण हसायची, बोलायची कढी झाली गो, वाढ आता.

एका वर्षी मी डंकावरनं आली आणि पाय झोंबलेच नाय. ताक काढून ठेवलेलं, तसंच राहिलं. मी शेजारणीला बोलली, "बघ, आता पाय पक्के झाले. मिरची पण आत जात नाय." ती बोलली, पुण्य गो, पुण्य. मला बरं वाटलं. खरं सांगते, अभिमान वाटला. आयुष्यात माझं असं काय पक्कं झालं नव्हतं. पुढच्या वर्षी पण झोंबलं नाय. मग तापलेलं डांबर पण चटके देईना. एकदा पायात टाचणी घुसलेली, आंघोळीला बसली तेव्हा दिसली. मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. दवाखान्यात तेव्हा साखर आहे बोललेले, गोळ्या दिलेल्या. बारीक मी त्या साखरेनेच झालेली. पण काय दुखतच नव्हतं, तर गोळ्या कशाला, म्हणून आठवण झाली की घ्यायची. पाय इतके मजबूत, मला काय झालंय, असं वाटायचं.

मग नातीचं लग्न ठरलं. दादरला हॉल घेतलेला. सूनबाईने मला पांढरी साडी आणली, आणि एक खोका पुढे ठेवला. सँडल. सोनेरी पट्ट्याची, मागनं बंद असलेली. बोलली, "आई, एक दिवस. फोटो कायमचे राहतात." तिने ते हात जोडून सांगितलं नाय, पण तिचा आवाज तसा होता. मी बोलली, दे.

पाय आत जाईना. सूनबाईने खाली बसून, पावडर लावून घातला. मी विचार केला, झोंबत नाय, लागत नाय, एक दिवस काय होणार आहे? सकाळी घातली ती संध्याकाळपर्यंत. वंदनेला काढली आणि परत घातली. लोक पाया पडायला येत होते, प्रत्येक जण सँडल बघून कौतुक करत होता. पोरगा तर एकदा येऊन नुसता बघून गेला. त्याचं तोंड त्या दिवशी असं होतं जसं काय आजोबाच आले हॉलमधे. फोटोत मी छान दिसते. पायापासनं डोक्यापर्यंत.

घरी येऊन काढली तेव्हा आत ओलं लागलं. वाटलं, हॉलच्या मोरीतलं पाणी असेल.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने लादीवर डाग बघितले. मोरीपासून खाटेपर्यंत, एका पायाचे. ती विचारत सुटली, कोणी काय सांडलं? मग डागांच्या मागे मागे आली आणि माझ्याजवळ थांबली. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट, वरची साल अख्खी निघालेली. मला काय वाटत नव्हतं. हळद भरली. शेजारणीने चुना लावायला सांगितला, तो लावला. कामावर पण गेली. दोन आठवडे तसेच गेले.

मग घरात वास यायला लागला. सूनबाईला वाटलं उंदीर मेलाय. तिने कपाट सरकवलं, खाटेखालचे डबे काढले, ट्रंक ओढली, वडलांच्या चपला पण बाहेर काढून बघितल्या. मी खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, तिला झाडू मारता यावा म्हणून. तिने मान वर केली आणि वास कुठनं येतो ते तिला कळलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.  चादर आणून माझ्या पायावर टाकली आणि पोराला फोन लावला.

परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण अगदी पोरगी होती, नातीच्या वयाची. तिने करंगळी बघितली, काळी पडलेली. मग दांडीला लावलेला एक नायलॉनचा दोरा काढला, कडक, टूथब्रशच्या केसासारखा. बोलली, "आजी, डोळे मिटा. मी हा पायाला टेकवेन. लागला की हो बोला."

मी डोळे मिटून बसली. पंख्याचा आवाज येत होता. बाजूला कोणी तरी कण्हत होतं. मी वाट बघत राहिली. बराच वेळ गेला तेव्हा मी विचारलं, "बाई, कधी सुरू करणार?"

ती बोलली, "झालं, आजी."

मी डोळे उघडले. तिने दोरा खिशात ठेवलेला. दोन्ही पायांना, सगळीकडे लावून झालेला. सूनबाई बाजूला उभी होती, तिने सगळं बघितलेलं.

मी बोलली, "माझे पाय पक्के आहेत बाई, म्हणून लागलं नसेल."

"पक्क्या पायाला पण लागतं," ती बोलली. "तुमच्या साखरेने पायातली जाणीव गेली आहे. पाय बधिर झालेत. किती वर्षं झाली असं वाटत नाही?"

मी मसाला मोजला. चार वेळा मसाला झाला होता, ताक न घेता.

तिने मला खूप विचारलं, काय लागलं, काय घातलेलं. सूनबाई दुसऱ्या दिवशी ती सँडल पिशवीतनं घेऊन आली. डॉक्टरणीने जमिनीवर कागद ठेवला, माझा चांगला पाय त्यावर ठेवायला लावला, पेन्सिल फिरवली. मग त्यावर सँडल ठेवली. माझा पाय दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर.

सूनबाईने हळू विचारलं, "म्हणजे हे अनवाणी चालून नाय झालं?"

"ह्या वेळेला नाही. चपलेने चावलं आहे, आणि ह्यांना कळलं नाही. पण ह्यापुढे अनवाणी एक पाऊल नाही. घरात पण नाही. आता खिळा आरपार गेला तरी ह्यांना कळणार नाही."

सूनबाईने ती सँडल परत पिशवीत घातली. पिशवीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारत राहिली.

मग डॉक्टरणीने पेनाने माझ्या पायावर रेघ ओढली. जिथपर्यंत लाल होतं तिथे. बोलली, लाली रेघेच्या आत राहिली तर दोन बोटांवर भागेल. रेघ ओलांडून घोट्याकडे गेली तर पाय गुडघ्याखालनं काढावा लागेल. असं तोंडावर सांगितलं. बरं केलं. मला असं सांगितलेलं कळतं.

तीन दिवस मी त्या रेघेकडे बघत होती. पाय माझा, पण मला आतनं काय कळत नव्हतं, रेघ बघूनच कळायचं. पहिल्या सकाळी लाली रेघेच्या पुढे गेलेली, बोटभर. तिने नवीन रेघ ओढली. मी मनात घरातल्या वाटा चालून बघितल्या. मोरीपर्यंत किती पावलं, गॅलरीतनं शेजारणीच्या दारापर्यंत किती. एका पायाने कुठे जाता येईल आणि कुठे नाय. संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, ते काय जमणार नव्हतं. चाळीचा जिना लाकडी, तो पण नाय. म्हणजे खाट. मालकांसारखी. रडायला आलं नाय. फक्त असं वाटलं की ह्या पायांनी एवढ्या वर्षांत माझं काय मागितलं नाय, चपल पण नाय, आणि मी त्यांना विचारलं पण नाय कधी, की तुम्ही आहात का?

बघायला माणसं यायची. सगळ्यांचं एकच. तरी सांगत होतो, अनवाणी फिरू नको. काय ना काय लागणारच. आता भोग. फुलवाल्याने पण कोणाबरोबर तरी जास्वंद पाठवलं. पोरगा खाटेच्या पायथ्याला उभा राहून बोलला, "आजोबांचं ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती." सूनबाई स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. मी बोलली असती तर तिथेच सगळं संपलं असतं, पोरगा तिला काय बोलला असता ते मला माहीत आहे, तो रागाचा आहे.

मी बोलली, "हो रे. चुकलंच माझं."

खोटं पण नव्हतं ते. ताक न घेता बसून राहिली ती चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी लाली नवीन रेघेपाशी थांबली. तिसऱ्या दिवशी आत आली. दोन बोटं गेली, पाय राहिला. चाळीत अजून सगळे हेच सांगतात की म्हातारी अनवाणी चालून पाय घालवून बसली. आयांनी पोरांना माझं उदाहरण देऊन चपला घालायला लावल्यात. घालू देत. काचा आहेतच रस्त्यावर. सूनबाई आता रोज संध्याकाळी ऑफिसातनं आली की आधी माझे पाय घेते. आरसा जमिनीवर ठेवते, पाय वर धरते, तळव्याला काय लागलंय का बघते, बोटांच्या मधे पुसते. लग्नातल्या फोटोबद्दल आम्ही दोघी बोलत नाय. तिने तो भिंतीवर लावला नाय.

इस्पितळातल्या माणसाने माझ्या पायाचं माप घेऊन चपला करून दिल्या. काळ्या, मऊ, रुंद, मागे पट्टा. दोन जोड. एक घरातला, एक बाहेरचा. आता मी चुलीजवळ चपल घालून उभी राहते. पहिले काही दिवस प्रत्येक घासाला वाटायचं, आपण काय तरी बाटवतोय.

शेजारणीचे आता गुडघे गेलेत. मंगळवारचं चालणं कधीच बंद झालं. ती आत भिंतीला टेकून बसलेली असते, बाहेर येत नाय. मी इस्पितळातनं आल्यावर पंधरा दिवसांनी तिच्याकडे गेली. घरातला जोड घालून, धुतलेला, गॅलरीतनं दहा पावलं. दारापाशी तिच्या सुनेच्या, नातवंडांच्या चपला काढलेल्या. मी तिथे थांबली.

तिच्या घरात देव्हारा दाराच्या समोरच आहे. दिवा लावलेला होता.

ती आतनं बोलली, "काय गो, थांबलस कित्याक? ये."

"चपला आहेत," मी बोलली. "काढायच्या नाय सांगितल्यात."

तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. एकदाच. मग माझ्याकडे बघून बोलली, "ये गो, तशीच ये. देव काय म्हणत नाय."

ती मनापासनं बोलली. तिच्या सुनेने पण मान हलवली, या ना काकी. पण तिने आधी देव्हाऱ्याकडे बघितलेलं मी बघितलं होतं. तिचा दोष नाय, पन्नास वर्षं ती त्या लादीवर चपल चढू देत नाय. मी कशाला तिच्या मनाला लावून ठेवू? मी बोलली, "इथेच बरी आहे. वारा येतो." स्टूल ओढलं आणि उंबऱ्याच्या बाहेर बसली.

 तिने भिंत सोडली. हाताने जमिनीवर रेटत, एक एक वीत सरकत, अख्खी खोली ओलांडून उंबऱ्यापर्यंत आली. तिची सून पुढे धावली तर तिला हाताने बाजूला केलं. उंबऱ्याच्या आत पाटावर बसली, धाप लागलेली. सुनेने चहा आणून दिला, दोघींना एकसारखे कप. स्टीलच्या ट्रेमधनं.

तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मग बोलली, "पहिल्यासारखा झाला गो. मी आत, तू बाहेर."

मी बोलली, "नाय. तेव्हा कप वेगळा होता."

तिने बशी खाली ठेवली. त्या कपाबद्दल आम्ही दोघी पन्नास वर्षांत एकदा पण बोललो नव्हतो. मला वाटायचं तिला आठवत नसेल. तिने हात पुढे केला, उंबऱ्याच्या बाहेर, आणि माझ्या डाव्या पायावर ठेवला, चपलेवरनं, जिथे बोटं नाय तिथे. मला तो हात दिसला. कळला नाय.

"लागता?" तिने विचारलं.

"नाय."

चहा संपला. आता मी रोज चार वाजता जाते. ती सरकत उंबऱ्यापर्यंत येते, मी बाहेर बसते. पावसात गॅलरीत झड येते तेव्हा स्टूल थोडं आत घेते, उंबऱ्याला लागून. उठायच्या आधी मी खाली वाकून पायांकडे बघते. मागचा पट्टा सैल झाला की चपल कधी निसटून मागेच राहते आणि मी तशीच चालायला लागते. पायात आहे का नाय, ते बघावं लागतं.

अंधार पडायच्या आत घरी येते. अंधारात बघता येत नाय.